भगदाडातला बाजार

"आता जेलब्रेक कशाला करायचं? सगळं तर अ‍ॅपलने दिलंच की!"

आय.टी.वाल्यांच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर सिडियाचं नाव काढून बघा, दोन मिनिटांत हे वाक्य येणारच. म्हणणारा हुशार असतो, पगार बरा असतो, खिशात लाखाचा फोन असतो. आणि सिडिया का संपलं याचं उत्तर आपल्याला पक्कं ठाऊक आहे, याची त्याला शंभर टक्के खात्री असते. लोकांना ज्या सोयी हव्या होत्या त्या अ‍ॅपलने हळूहळू दिल्या, मग गरज संपली, मग दुकान बंद झालं. खेळ खलास.

माझं म्हणणं असं की ही गोष्ट अर्धी खरी आहे, आणि अर्धी खरी आहे म्हणूनच जास्त घातक आहे. सिडियाचा बाजार भिंतीला पडलेल्या भगदाडात भरत होता. भगदाड कधी ना कधी बुजतंच. ते बुजवणाऱ्याचा त्यात दोषही नसतो. दोष आहे तो दार न ठेवणाऱ्याचा, आणि भगदाडातून ये-जा चाललीय म्हणून दार मागायचं विसरणाऱ्यांचा. आज या विकांताला एवढंच भांडायचंय.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी थोडा इतिहास. (मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो, म्हणजे मीही पाहिला नाही म्हणा! पण आमच्या धंद्यात जुन्या कोडसारखाच जुना इतिहासही उपसावा लागतो.)

जून २००७ मध्ये अमेरिकेत पहिला आयफोन विकायला आला. त्यावर बाहेरच्या कुणाचंही अ‍ॅप टाकता येत नव्हतं. अ‍ॅप स्टोअर नावाची चीजच नव्हती. डेव्हलपर मंडळींनी विचारलं तर स्टीव्ह जॉब्सने सांगितलं, ब्राउझर आहे ना, त्यात चालतील अशी वेब अ‍ॅप्स लिहा. लोकांनी अर्थातच ऐकलं नाही. फोनच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून, त्यातून आत शिरून, फाइल सिस्टिम मोकळी करायचे उद्योग काही आठवड्यांत सुरू झाले. यालाच जेलब्रेक म्हणतात.

भारताशी याचा संबंध तिथूनच. पहिला आयफोन आपल्याकडे अधिकृतपणे कधी आलाच नाही. जे आले ते ऑनसाइटवरून परतणाऱ्यांच्या बॅगेतून आणि ग्रे मार्केटमधून. ते एटी अँड टी या अमेरिकन कंपनीच्या सिमला कुलूपबंद होते. आपलं सिम चालवायचं तर अनलॉक हवं, आणि अनलॉकसाठी आधी जेलब्रेक. म्हणजे तो फोन बाळगणाऱ्या इथल्या माणसासाठी जेलब्रेक ही चैन नव्हती, साधा फोन लावण्यासाठीची पहिली पायरी होती. ऑगस्ट २००८ मध्ये एअरटेल आणि व्होडाफोनने आयफोन ३जी आणला तो ८ जीबीला ३१ हजार रुपये लावून! तोपर्यंत ज्याला हवा होता त्याने भगदाडाचीच वाट धरली होती.

फेब्रुवारी २००८ मध्ये जे फ्रीमन या कॅलिफोर्नियातल्या प्रोग्रॅमरने सिडिया आणलं. तारीख लक्षात ठेवा. अ‍ॅपलचं अ‍ॅप स्टोअर उघडलं १० जुलै २००८ ला, ५०० अ‍ॅप्स घेऊन. म्हणजे आयफोनवर "यादी बघा, नाव निवडा, बटण दाबा, सॉफ्टवेअर आलं" हा अनुभव अ‍ॅपलच्या जवळजवळ पाच महिने आधी सिडिया देत होतं. आणि त्याच्याही आधी इन्स्टॉलर नावाचं एक अ‍ॅप हेच काम करत होतं. सिडिया हे नाव एका पतंगाच्या शास्त्रीय नावातून घेतलेलं. त्या पतंगाची अळी सफरचंद पोखरते. नाव ठेवावं तर असं!

आतून सिडिया म्हणजे काय होतं? लिनक्स वापरणाऱ्यांना लगेच कळेल. डेबियनमधली एपीटी आणि डीपीकेजी ही पॅकेज सांभाळणारी हत्यारं फ्रीमनने आयफोनवर चालतील अशी केली आणि त्यावर बोटाने चालणारा दर्शनी भाग चढवला. कुणीही आपली रिपॉझिटरी उघडावी, वापरणाऱ्याने तिचा पत्ता जोडावा, सॉफ्टवेअर उतरवावं. परवानगी कुणाचीच नको. अ‍ॅप स्टोअर म्हणजे एका मालकाचा मॉल, तर सिडिया म्हणजे आठवडी बाजार. ज्याने त्याने आपलं पोतं पसरायचं.

पण खरी जादू अ‍ॅप्सची नव्हती, ट्वीक्सची होती. फ्रीमननेच लिहिलेलं मोबाइल सबस्ट्रेट हे त्याचं मूळ. सोप्या भाषेत सांगतो. सरकारी हापिसात फाइल साहेबाच्या टेबलावर जाण्याआधी वाटेत हेडक्लार्क बसलेला असतो. तो फाइल वाचतो, एखादा शेरा मारतो, कधी परस्पर निकालात काढतो. साहेबाला वाटतं सगळं आपणच करतोय. सबस्ट्रेटमुळे कुणालाही फोनच्या चालत्या सॉफ्टवेअरमध्ये असा हेडक्लार्क बसवता यायचा. अ‍ॅपलचं मूळ कोड हातात नसताना लॉक स्क्रीन बदला, मेसेज कसे दिसावेत ते बदला, एखाद्या बटणाला नवं काम द्या. अ‍ॅप स्टोअरवरचं अ‍ॅप आपल्या खोलीबाहेर पाऊल टाकू शकत नाही. ट्वीक मात्र घराचा नकाशाच बदलतं. फरक एवढा मोठा आहे.

मार्च २००९ मध्ये फ्रीमनने सिडिया स्टोअर सुरू केलं, म्हणजे ही ट्वीक्स पैसे घेऊन विकायची सोय. आणि मग बाजार फुलला. एप्रिल २०११ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने दिलेला आकडा आहे: आठवड्याला ४५ लाख वापरणारे, वर्षाची उलाढाल सुमारे १ कोटी डॉलर. फ्रीमनच्या पदरात नफा पडत होता वर्षाला अडीच लाख डॉलर. आज आकडा किरकोळ वाटेल. पण ही उलाढाल फोन बनवणाऱ्या कंपनीचा विरोध असताना, ग्राहकाने स्वतःच्या फोनची वॉरंटी पणाला लावून केलेली होती! असा ग्राहक कुठल्या धंद्याला मिळतो सांगा.

आता "सगळं अ‍ॅपलने दिलंच की" या वाक्याकडे येतो.

दिलं, मान्य. पण कधी दिलं, आणि आधी कुणी करून दाखवलं, हेही बघू. वाय-फाय, ब्लूटूथ एका फटक्यात चालू-बंद करायला सिडियावर एसबीसेटिंग्ज होतं. अ‍ॅपलचं कंट्रोल सेंटर आलं २०१३ मध्ये. व्हिडिओ रेकॉर्डिंगसाठी सायकॉर्डर होतं, जेव्हा अ‍ॅपलच्या मते आयफोन फक्त फोटो काढायचा. एकाहून जास्त अ‍ॅप्स मागे चालू ठेवायला बॅकग्राउंडर होतं, अ‍ॅपलचं मल्टिटास्किंग आलं २०१० मध्ये. नोटिफिकेशन्स नीट दाखवणारं मोबाइलनोटिफायर होतं. त्याच्या लेखकाला अ‍ॅपलने २०११ मध्ये सरळ कामावरच घेतलं, आणि त्याच वर्षी आयओएस ५ मध्ये नोटिफिकेशन सेंटर आलं. डिसेंबर २०१२ मध्ये सिडियावर ऑक्सो नावाचं ट्वीक आलं, चालू अ‍ॅप्सची छोटी चित्रं दाखवणारं. पुढच्या वर्षी आयओएस ७ मध्ये तशीच चित्रं अवतरली.

सगळ्यात झोंबणारं उदाहरण वाय-फाय सिंकचं. ग्रेग ह्यूज या ब्रिटिश विद्यार्थ्याने केबल न लावता आयफोन संगणकाशी जुळवणारं अ‍ॅप लिहून २०१० मध्ये अ‍ॅपलकडे पाठवलं. अ‍ॅपलने नाकारलं. त्याने ते सिडियावर ९.९९ डॉलरला लावलं आणि ५० हजारांहून जास्त प्रती विकल्या. २०११ मध्ये अ‍ॅपलने हीच सोय आयओएस ५ मध्ये आणली. नाव तेच. चिन्हही जवळपास तसंच!

यावर चोरी-चोरी म्हणून ओरडायची माझी इच्छा नाही. कल्पना कुणाच्या बापाची नसते. केबल नको हे कुणालाही सुचू शकतं. शिवाय पन्नास हजार हौशी लोकांसाठी लिहिणं वेगळं आणि कोट्यवधी फोनवर बॅटरी न खाता चालवणं वेगळं, हे आपल्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. माझा मुद्दा दुसराच आहे. ज्याला लोक "अ‍ॅपलने दिलं" म्हणतात ते आधी अ‍ॅपलला डावलून सिद्ध झालं होतं. काय चालतं, काय चालत नाही, लोक कशासाठी पैसे मोजतात, याचा सगळा प्रयोग परक्या खर्चाने झाला. आणि ज्या खुल्या अंगणात तो झाला ते अंगणच पुढे बुजवलं गेलं.

बरं, "सगळं दिलं" हेही खरं नाही. होम स्क्रीनवर आयकॉन हव्या त्या जागी ठेवायचा, मध्ये रिकामी जागा सोडायची, एवढी क्षुल्लक गोष्ट! सिडियावर त्यासाठी ट्वीक्स होती. अ‍ॅपलने ती दिली आयओएस १८ मध्ये, सप्टेंबर २०२४ ला. पहिल्या आयफोननंतर १७ वर्षांनी. कॉल रेकॉर्डिंग? ऑक्टोबर २०२४. जुन्या गेम्सचे एम्युलेटर अ‍ॅप स्टोअरवर चालू दिले एप्रिल २०२४ मध्ये, तेही युरोपचा कायदा मानगुटीवर बसल्यावर. १७ वर्षं थांबायला लावून शेवटी मिळालेल्या गोष्टीला लोक "दिलं" म्हणतात, यातच सगळं आलं. घर माझं, कपाट माझं, आणि कपाटात रिकामा कप्पा ठेवू का हे दुकानदाराला विचारायचं!

सिडियावर विकली जाणारी खरी वस्तू सोय नव्हतीच. ठरवण्याचा अधिकार ही ती वस्तू होती. सोयींची यादी कितीही वाढली तरी तो अधिकार त्या यादीत कधीच येत नाही, कारण यादी करणारा दुसराच असतो.

मग हा बाजार उठला कशाने? इथे आता आपल्याच बाजूच्या लोकांना चार शब्द सुनवायचेत.

पहिलं कारण तांत्रिक, आणि तेच मुळाशी आहे. सिडिया चालायला फोन जेलब्रेक हवा, जेलब्रेकला सुरक्षेतली चूक हवी. म्हणजे या बाजाराचा प्रत्येक व्यवहार कुणीतरी शोधलेल्या आणि अ‍ॅपलने अजून न दुरुस्त केलेल्या चुकीवर उभा. नवीन आयओएस आलं की जुनी चूक दुरुस्त. जुन्या आवृत्तीवर परत जावं तर अ‍ॅपलचा सर्व्हर तिच्यावर सही करत नाही. (त्या सह्या साठवून ठेवायची युक्तीही २००९ मध्ये फ्रीमननेच काढली होती. पुढे अ‍ॅपलने पद्धत बदलून तीही अवघड केली.) ट्वीक लिहिणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुमचा माल चांगला आहे, गिऱ्हाईक तयार आहे, पण बाजाराचं फाटक कधी उघडेल हे अनोळखी चार पोरांच्या प्रतिभेवर अवलंबून. कधी दोन महिने, कधी वर्ष. फेब्रुवारी २०१३ मध्ये इव्हेजन नावाचं जेलब्रेक आलं तेव्हा चार दिवसांत जवळपास ७० लाख फोन-टॅबलेट मोकळे झाले. मागणी एवढी तुंबलेली होती! पण तुंबलेल्या मागणीवर धंदा चालत नाही. धंद्याला रोज उघडणारं फाटक लागतं.

दुसरं कारण त्या चुकांच्या किमतीचं. २०१० आणि २०११ मध्ये जेलब्रेकमी नावाचा चमत्कार होता. आयफोनच्या ब्राउझरमध्ये एक पान उघडा, बोट सरकवा, फोन मोकळा. कोमेक्स या टोपणनावाच्या, वीस वर्षांचाही नसलेल्या मुलाने लिहिलेलं, आणि फुकट वाटलेलं. (त्यालाही अ‍ॅपलने २०११ मध्ये इंटर्न म्हणून नेलं.) आता पुढचं बघा. सप्टेंबर २०१५ मध्ये झिरोडियम या कंपनीने आयओएस ९ साठी ब्राउझरमधून चालणारं, फोन बंद-चालू केला तरी टिकणारं जेलब्रेक आणून देणाऱ्याला १० लाख डॉलर जाहीर केले. नोव्हेंबरमध्ये ते कुणीतरी मिळवल्याचंही सांगितलं. चार वर्षांपूर्वी एक पोरगा जे फुकट वाटत होता, त्याच वस्तूला आता १० लाख डॉलर! घेणारे कोण, तर सरकारं आणि हेर खाती. अ‍ॅपलनेही २०१६ मध्ये चूक दाखवणाऱ्यांना २ लाख डॉलरपर्यंत बक्षीस ठेवलं आणि २०१९ मध्ये ते १० लाखांपर्यंत नेलं. सांगा, आता कोण कशाला फुकट वाटेल?

आणि मग तिसरी, सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट. ऑगस्ट २०१६ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अहमद मन्सूर या मानवी हक्क कार्यकर्त्याच्या आयफोनवर एक मेसेज आला, त्यात लिंक. त्याने ती न उघडता सिटिझन लॅबकडे पाठवली. तपासात निघालं की लिंक दाबली असती तर तीन चुकांची साखळी वापरून फोन गुपचूप जेलब्रेक झाला असता आणि त्यात एनएसओ या इस्रायली कंपनीचं पेगासस बसलं असतं. पेगासस हा शब्द आपल्याकडे पुढे २०१९ आणि २०२१ मध्ये घरोघरी पोचलाच. हे नीट वाचा मंडळी. तांत्रिकदृष्ट्या जेलब्रेकमी आणि पेगासस यांचा आत शिरायचा रस्ता एकाच जातीचा. एकात फोनचा मालक आत येतो, दुसऱ्यात हेर. भगदाडाला कळत नाही कोण येतंय ते.

म्हणून अ‍ॅपलने भगदाडं बुजवली याबद्दल मी अ‍ॅपलला शिव्या घालणार नाही. बुजवायलाच हवीत! माझी आई याच फोनवरून बँकेचे व्यवहार करते. २०१८ च्या ए१२ चिपपासून पॉइंटर तपासायची सोय हार्डवेअरमध्येच आली, आयओएस १५ मध्ये अख्खा सिस्टिमचा भाग सहीबंद झाला. इंजिनिअर म्हणून बघितलं तर अप्रतिम काम आहे. मधूनच २०१९ मध्ये चेकमेट नावाची चूक सापडली, आयफोन ४एस पासून आयफोन १० पर्यंतच्या चिप्समधली, सॉफ्टवेअरने कधीच दुरुस्त न होणारी. त्याने जुन्या फोनवाल्यांना काही वर्षं श्वास मिळाला, एवढंच.

चौथं कारण, आपलेच लोक. सिडिया म्हणजे फुकट अ‍ॅप्स, असं समजणारे किती होते ते आठवून बघा. इन्स्टॉलस नावाचं एक अ‍ॅप अ‍ॅप स्टोअरवरची पैशाची अ‍ॅप्स चोरून द्यायचं. २०१२ च्या अखेरीस ते बंद झालं तेव्हा लोक हळहळले. फ्रीमन सुरुवातीपासून चोरीच्या विरोधात होता, पण ऐकतो कोण? बरं, चोरी मोठ्या कंपन्यांचीच होते असंही नाही. एक डॉलरचं ट्वीक, जे एखाद्या विद्यार्थ्याने रात्री जागून लिहिलंय, तेही लोक चोरीच्या रिपॉझिटरीतून घ्यायचे. आठवडी बाजारात भाजीवालीची जुडी उचलून पळायचं आणि मग म्हणायचं, बाजार का उठला?

सुरक्षेचंही तेच. नोव्हेंबर २००९ मध्ये आयकी नावाचा वर्म ऑस्ट्रेलियात जेलब्रेक केलेल्या फोनवर पसरला, कारण लोकांनी एसएसएच चालू करून मूळचा पासवर्ड तसाच ठेवला होता. डिसेंबर २०१३ मध्ये आयओएस ७ च्या जेलब्रेकबरोबर चीनमधल्या फोनवर ताइजी नावाचं दुसरंच दुकान घुसवलं गेलं आणि त्यात चोरीचा माल निघाला. ऑगस्ट २०१५ मध्ये कीरेडर या व्हायरसने जेलब्रेक केलेल्या फोनवरून सव्वादोन लाख अ‍ॅपल खाती चोरल्याचं उघड झालं, आणि तो पसरला होता सिडियात जोडता येणाऱ्या चिनी रिपॉझिटरीतून. विश्वास हा बाजाराचा पाया असतो. तो बाहेरच्यांनी जेवढा पोखरला तेवढाच आतल्यांनी.

मग शेवट व्हायचा तसा झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये मॉडमाय आणि झॉडटीटीडी या दोन मोठ्या मूळ रिपॉझिटऱ्या थांबल्या. डिसेंबर २०१८ मध्ये फ्रीमनने सिडिया स्टोअरमधली खरेदी बंद केली. एका चुकीमुळे ग्राहकाच्या पेपाल खात्यातून त्याच्या नकळत खरेदी होऊ शकते असं निघालं होतं. पण तो म्हणाला की दुकान तसंही त्या वर्षाअखेर बंद करायचंच होतं, कारण आता त्यात खिशातले पैसे जात होते. दहा वर्षांपूर्वी अ‍ॅपलच्या आधी पोचलेला माणूस. सिलेओ, झेब्रा अशी नवी दुकानं पुढे आली, पण फाटकच मिटत चालल्यावर दुकानं किती चालणार?

डिसेंबर २०२० मध्ये फ्रीमनच्या कंपनीने अ‍ॅपलवर मक्तेदारीचा दावा लावला. जानेवारी २०२२ मध्ये न्यायाधीशांनी तो उशिरा लावला म्हणून फेटाळला, पण सुधारून आणायची मुभा दिली. मे महिन्यात, अलीकडच्या अपडेट्सपुरता तो पुढे चालू दिला. म्हणजे "तुमच्यावर अन्याय झाला की नाही" हे ठरायच्या आधी "एवढा वेळ कुठे होतात" हा प्रश्न. आणि प्रश्न रास्त आहे राव! एवढा वेळ सगळेच भगदाडातून ये-जा करण्यात मश्गूल होते.

कायद्याने काहीच दिलं नाही असं नाही. जुलै २०१० मध्ये अमेरिकेत स्मार्टफोनचं जेलब्रेक कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा धरायचा नाही अशी सूट मिळाली. त्याआधी अ‍ॅपलने तिथल्या कॉपीराइट कार्यालयाला सांगितलं होतं की जेलब्रेक केलेल्या फोनमधून मोबाइल टॉवरवर हल्ले होऊ शकतील. टॉवर सगळे जागेवर आहेत. पण त्या सुटीचा अर्थ काय, बघा. तुम्ही भिंत फोडलीत तर पोलीस धरणार नाहीत, एवढाच. मालकाने दार ठेवलं पाहिजे असं त्यात कुठेच नव्हतं. लोकांनी मात्र विजय साजरा केला.

इथे टपरीवरचा आमचा हुशार मित्र शेवटचं अस्त्र काढतो: "अरे, पण दार ठेवलं की चोर येणारच. सिक्युरिटीचं काय?"

त्याला माझं एकच उत्तर. तू हापिसात ज्यावर कोड लिहितोस ते मॅकबुक कुणाचं? अ‍ॅपलचंच ना? त्यावर कुठलंही सॉफ्टवेअर कुठूनही उतरवून चालवता येतं. २०१२ पासून गेटकीपर इशारा देतं, २०१९ पासून नोटरायझेशन आहे, तरीही हवं तर मालकाला "मला माहितीये, चालव" म्हणता येतं. त्याच कंपनीने, तशाच पायावर, दार असलेलं आणि सुरक्षित घर बांधून दाखवलंय. मग फोनलाच दार का नको? कारण फोनच्या दाराशी ३० टक्क्यांचा टोलनाका आहे. बाकी सगळं सोवळं.

युरोपने हे ओळखलं. तिथल्या डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्टमुळे मार्च २०२४ मध्ये आयओएस १७.४ पासून अ‍ॅपलला दुसरी दुकानं येऊ द्यावी लागली, आणि एप्रिलमध्ये ऑल्टस्टोअर उघडलं. अर्थात अ‍ॅपलने तिथेही टोल लावून बघितला: १० लाखांच्या वरच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे वर्षाला अर्धा युरो. शिवाय तिथे मिळतात ती अ‍ॅप्स. ट्वीक्स नाहीत. हेडक्लार्क बसवायची मुभा अजून कुणीच दिलेली नाही. म्हणजे दार उघडलंय, पण फक्त ओसरीपर्यंत.

आपल्याकडे? डिसेंबर २०२१ मध्ये स्पर्धा आयोगाने अ‍ॅप स्टोअरच्या अटींची चौकशी सुरू केली. मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा लोकांपुढे आला. मसुदा म्हणजे कायदा नव्हे, हे वेगळं सांगायला नको. आणि "आमचं काय, आमच्याकडे अँड्रॉइड आहे" म्हणून निवांत बसलेल्यांसाठी एक बातमी: ऑगस्ट २०२५ मध्ये गुगलने जाहीर केलं की प्रमाणित अँड्रॉइड फोनवर बाहेरून टाकायच्या अ‍ॅपच्याही डेव्हलपरला आपली ओळख गुगलकडे नोंदवावी लागेल, सुरुवात सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये. बोंबाबोंब झाल्यावर अनुभवी लोकांसाठी वेगळी वाट ठेवू म्हणाले. वाट ठेवू. ठेवणारे ते, चालणारे आपण. भारतातले बहुतेक फोन अँड्रॉइड आहेत, तेव्हा हा विषय लाखाचा फोन मिरवणाऱ्यांपुरता नाही. दहा हजाराच्या फोनवर स्वतः लिहिलेलं अ‍ॅप मित्राला पाठवणाऱ्या डिप्लोमाच्या पोराचाही आहे.

माझी मागणी साधी आहे. फोनमध्ये एक स्विच असावा. तो कंपनीने ठेवलेला, कायद्याने बांधलेला, लाल अक्षरात इशारा देणारा असावा. चालू केला तर जबाबदारी माझी. बँकेच्या अ‍ॅपला तो बघून "मी इथे चालणार नाही" म्हणायचं असेल तर म्हणू दे. आईच्या फोनवर तो बंदच राहील, माझ्यावर चालू राहील, आणि भगदाडं मात्र दोघांच्याही फोनमधली बुजवलेली असतील. सुरक्षा आणि मालकी यातलं एकच निवडा, हा पेच खोटा आहे. तो टोलनाकेवाल्यांनी घातलाय.

सिडियासाठी रडायची गरज नाही. दहा वर्षं एका माणसाने आणि त्याच्याभोवती जमलेल्या हौशी पोरांनी फोन कसा असू शकतो ते जगाला दाखवलं, हे काही थोडं नाही. पण पुढच्या वेळी कुणी म्हणालं "सगळं तर दिलंच की", तर त्याला विचारा: देणारा तो कोण? फोन विकत घेतलास ना तू?